आधुनिक जपान आणि त्याचा साम्राज्यवाद : अभ्यासाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : एम.ए. (इतिहास) विद्यार्थिनी, अंबाजोगाई

नमस्कार. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी आधुनिक जपान हा विषय घ्यावा असे माझ्या मनात आहे. आमच्या अभ्यासक्रमात चीन आणि जपान मिळून एकच प्रश्नपत्रिका आहे. तिच्यात १८५३ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीची जहाजे उरागाजवळ येऊन थांबली तिथपासून १८६८ ची मेईजी पुनःस्थापना (सम्राटाच्या हाती सत्ता परत येणे), १८८९ ची राज्यघटना आणि १९०५ मधला रशियावरचा विजय इथपर्यंतचा भाग ‘जपानचा उदय’ या मथळ्याखाली येतो. १९३१ मध्ये मांचुरिया घेतल्यापासून १९४५ च्या शरणागतीपर्यंतचा भाग ‘जपानचा साम्राज्यवाद’ म्हणून निराळा शिकवला जातो. पहिल्या प्रकरणाचा सूर कौतुकाचा असतो, दुसऱ्याचा निषेधाचा, आणि मधल्या पंचवीस वर्षांत काय घडले याची दखल जेमतेम अर्ध्या पानात घेतलेली असते.

माझी अडचण नेमकी तिथेच आहे. पाश्चात्त्यांच्या विषम तहांचा अपमान ज्या देशाने स्वतः सोसला, त्यानेच कोरियावर तसाच तह कसा लादला? विचारले की ‘पुढे लष्करशाही आली’ असे उत्तर मिळते. पण लष्करशाही आकाशातून पडली नसणार. शाळेत असल्यापासून प्रत्येक समारंभात ‘जपान राखेतून उभा राहिला’ हे वाक्य मी ऐकत आले आहे, आणि त्या भाषणांत कोरियाचे किंवा तैवानचे नाव कधी आल्याचे मला आठवत नाही.

दुसरा प्रश्न साधनांचा आहे. मला जपानी येत नाही. इंग्रजी वाचते, परंतु सावकाश. ग्रंथालयात या विषयावर परीक्षेपुरती पुस्तके आहेत. घरच्यांचे आणि काही शिक्षकांचे म्हणणे असे की, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा विषय घ्यावा, त्याची साधने हाताशी आहेत आणि माणसेही ओळखीची आहेत. सल्ला आपुलकीचा आहे, तरीही माझे मन जपानकडेच ओढ घेते. मराठवाड्यात राहून या विषयावर प्रामाणिक काम होऊ शकते का, आणि होत असेल तर सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर १ : इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, नांदेड

आपण विचारलेला पहिला प्रश्नच या विषयाचा गाभा आहे, म्हणून साधनांकडे वळण्यापूर्वी त्याबद्दल सविस्तर लिहितो.

‘उदय’ आणि ‘साम्राज्यवाद’ अशी दोन प्रकरणे पाठ्यपुस्तकाच्या सोयीसाठी केलेली आहेत. ती बाजूला ठेवून सगळ्या घटना एका कागदावर वर्षांच्या ओळीने लिहून काढाव्यात. १८६९ मध्ये उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाच्या वसाहतीकरणासाठी स्वतंत्र खाते निघाले आणि तिथल्या आइनू लोकांच्या जमिनी व शिकारीची राने त्यांच्या हातून जाऊ लागली. १८७१ मध्ये सरंजामी जहागिऱ्या खालसा झाल्या. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आणि नवा जमीन महसूल आला. १८७४ मध्ये तैवानवर पहिली मोहीम निघाली. १८७६ मध्ये युद्धनौका पाठवून कोरियाकडून कांगह्वाचा तह लिहून घेण्यात आला आणि त्यात कोरियात राहणाऱ्या जपान्यांवर कोरियन न्यायालयांचा अधिकार चालणार नाही, हेच विषम तहातले कलम घातले गेले. १८७९ मध्ये र्युक्यूचे राज्य मोडून त्याचा ओकिनावा जिल्हा केला. राज्यघटना यानंतर दहा वर्षांनी आली आणि पहिली संसद १८९० मध्ये भरली. म्हणजे जपानी माणसाच्या हाती मत येण्यापूर्वीच जपानी राज्य शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन उभे होते, आणि पहिल्या निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला तोही लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्क्याला.

त्याच काळात जपान स्वतःही बांधलेलाच होता. परदेशी लोकांना जपानी न्यायालयांबाहेर ठेवणारी तरतूद १८९९ मध्ये संपली आणि जकातीचे दर स्वतः ठरवण्याचा पूर्ण अधिकार त्याला १९११ मध्ये मिळाला. १८७६ ते १९११ अशी पस्तीस वर्षे एकाच राज्याच्या मानेवर जोखड होते आणि त्याच राज्याने दुसऱ्याच्या मानेवर तसलेच जोखड ठेवले होते. ‘सोसणारा लादणारा कसा झाला’ असा आपला प्रश्न आहे. तो थोडा बदलून, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच वेळी कशा केल्या, असा विचारावा. उत्तराची वाट त्यातून सापडते.

ती वाट, माझ्या मते, शेतसाऱ्यातून जाते. युद्धांपासून सुरुवात करणारे विद्यार्थी युद्धांतच अडकून पडलेले मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहेत. १८७२ पासून जपानी शेतकऱ्याला जमिनीच्या मालकीचा दाखला मिळू लागला. त्यावर गाव, क्षेत्र, मालकाचे नाव, जमिनीची ठरवलेली किंमत आणि त्या किमतीवर शेकडा तीन इतका सारा अशी नोंद असे. त्याआधी सारा तांदळात आणि पिकाच्या प्रमाणात द्यावा लागे. आता तो रोखीत द्यायचा होता आणि पीक आले काय, बुडाले काय, रक्कम तीच राहणार होती. ज्यांच्या घरात सातबाऱ्याचा उतारा जपून ठेवलेला असतो, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुष्काळातही सारा भरला, त्या आपल्या लोकांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सालारजंगांच्या कारकिर्दीत निजामाच्या राज्यातही मोजणी आणि रोख साऱ्याची व्यवस्था आली, ती साधारण याच पिढीत. ही तुलना मनात ठेवून वाचल्यास मेईजी जपान परका वाटत नाही.

१८७६ मध्ये शेतकऱ्यांचे मोठे उठाव झाले आणि १८७७ मध्ये सरकारला दर शेकडा अडीचवर आणावा लागला. त्याच दाखल्यांवर नव्या दराची नोंद पडली. १८८१ नंतर अर्थमंत्री मात्सुकाता यांनी चलन आकुंचित केले, तांदळाचे आणि रेशमाचे भाव कोसळले, पण सारा रोखीतला असल्यामुळे तसाच राहिला. कर्जबाजारी झालेल्या चिचिबूच्या शेतकऱ्यांनी १८८४ मध्ये शस्त्र उचलले आणि सैन्याने त्यांना मोडून काढले. विसाव्या शतकाच्या आरंभी लागवडीखालच्या सुमारे ४५ टक्के जमिनीवर कुळे राबत होती. या शेतकऱ्यांच्या पैशावर कारखाने आणि आरमार उभे राहिले, आणि खेड्यात खरेदीची ताकद उरली नाही म्हणून कारखान्यांना बाहेरची बाजारपेठ लागली.

यानंतर १८९४-९५ चे चीनविरुद्धचे युद्ध वाचावे आणि शिमोनोसेकीच्या तहातल्या आकड्यांवर थांबावे. तैवान तर मिळालेच, शिवाय २० कोटी तैल (तैल हे चिनी वजन) चांदीची खंडणी मिळाली. आणि रशिया, फ्रान्स व जर्मनी यांच्या दडपणामुळे दक्षिण मांचुरियातले लियाओतुंग द्वीपकल्प परत केले म्हणून आणखी ३ कोटी तैल. त्या पैशाच्या आधारावर जपानने १८९७ मध्ये सुवर्णचलन स्वीकारले. बराचसा पैसा सैन्य-आरमाराकडे गेला, आणि १९०१ मध्ये सुरू झालेल्या यावाताच्या सरकारी पोलाद कारखान्यालाही त्यातूनच हातभार लागला. युद्धाने तिजोरी भरते, हा धडा राज्यकर्त्यांनी तिथे घेतला. १९०५ मध्ये रशियाकडून खंडणी मिळाली नाही तेव्हा टोकियोच्या हिबिया उद्यानातून दंगल उसळली आणि शहरात पोलीस चौक्या जळाल्या. ते लोक युद्ध झाले म्हणून चिडले नव्हते. कर भरून आणि मुले गमावून हाती पुरेसे काही आले नाही, म्हणून चिडले होते. मेईजी काळाचे कौतुक करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही दंगल नीट वाचावी, असा माझा आग्रह आहे.

आणखी एक तारीख आपल्या वहीत असू द्यावी. १३ एप्रिल १९१९ ला अमृतसरमध्ये जालियनवाला बाग घडली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १५ एप्रिलला, कोरियातल्या चेआम-री गावात १ मार्चच्या स्वातंत्र्य आंदोलनाचा सूड म्हणून जपानी सैनिकांनी गावकऱ्यांना चर्चमध्ये बोलावून दारे बंद केली, गोळ्या घातल्या आणि इमारत पेटवून दिली. वीसहून अधिक माणसे मेली. आपल्या मुलांना पहिली तारीख पाठ असते. दुसरीही माहीत झाली, तर साम्राज्य म्हणजे काय हे समजण्यासाठी गोऱ्या-पिवळ्या रंगाचा आधार लागणार नाही.

उत्तर २ : संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

सरांच्या मांडणीतून मलाही पुष्कळ मिळाले, आणि दोन प्रकरणांमधली भिंत काढावी याविषयी दुमत नाही. एका मुद्द्यावर मात्र आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. १८७३ च्या साऱ्यापासून १९३१ च्या मांचुरियापर्यंत सरळ रेघ ओढली की, जे झाले ते होणारच होते, असे वाटू लागते आणि ज्या जपानी लोकांनी वेगळी वाट सांगितली ते नजरेतून सुटतात.

कोतोकु शुसुई यांनी १९०३ मध्ये आपले वृत्तपत्र युद्धाच्या बाजूने गेले म्हणून नोकरी सोडली आणि रशियाशी युद्ध करू नये असे लिहिण्यासाठी दुसरे पत्र काढले. १९११ मध्ये सम्राटाविरुद्धच्या कटाच्या आरोपाखाली त्यांना फाशी झाली. इशिबाशी तान्झान या संपादकाने १९२१ मध्ये सगळ्या वसाहती सोडून द्याव्यात असे उघड लिहिले, आणि तेही केवळ नीतीच्या भाषेत नव्हे: कोरिया, तैवान आणि क्वांतुंग (लियाओतुंगच्या टोकावरचा जपानी ताब्यातला प्रदेश) या तिघांशी मिळून होणाऱ्या व्यापारापेक्षा एकट्या अमेरिकेशी होणारा व्यापार मोठा आहे, मग या वसाहतींसाठी सैन्याचा आणि वैराचा खर्च कशाला, असा त्यांचा हिशेब होता. टोकियो विद्यापीठात वसाहत-धोरण शिकवणारे यानाइहारा तादाओ यांना चीनवरच्या आक्रमणाविरुद्ध लिहिल्यामुळे १९३७ मध्ये प्राध्यापकपद सोडावे लागले. इशिबाशी १९५६ मध्ये पंतप्रधान झाले आणि यानाइहारा युद्धानंतर त्याच विद्यापीठाचे प्रमुख झाले. ही माणसे तेव्हा का हरली, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच्या उत्तरात १८८९ च्या घटनेतली ती तरतूद येते, जिच्यामुळे सैन्याचे सर्वोच्च नेतृत्व मंत्रिमंडळाकडे नसून थेट सम्राटाकडे होते. त्यात १९२५ सालही येते: त्या वर्षी सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला आणि त्याच वर्षी विचारांसाठी तुरुंगात टाकणारा शांतता-संरक्षण कायदाही झाला.

अभ्यासाची एक रीत सुचवतो, जिचा मला स्वतःला फार उपयोग झाला. एखाद्या अधिकाऱ्याचा हात धरून साम्राज्यातून फिरावे. गोतो शिंपेई हे मूळचे डॉक्टर. १८९८ मध्ये ते तैवानचे नागरी प्रशासक झाले. त्यांनी तिथे जमीन मोजली, अफूचा सरकारी मक्ता चालवला, रेल्वे आणि बंदरे बांधली, आणि गावोगावच्या कुटुंबांना एकमेकांच्या वागणुकीसाठी जबाबदार धरणारी जुनी चिनी पद्धत पोलिसांच्या हाताखाली आणली. १९०६ मध्ये ते नव्या दक्षिण मांचुरिया रेल्वेचे पहिले अध्यक्ष झाले. १९२० मध्ये टोकियोचे महापौर झाले, आणि १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर गृहमंत्री म्हणून राजधानीच्या पुनर्बांधणीची योजना त्यांनीच आखली. तैवानात आजमावलेले प्रशासन असे राजधानीपर्यंत पोहोचले. त्या भूकंपानंतर अफवांच्या आधारे हजारो कोरियन मजुरांची टोकियो-योकोहामा भागात कत्तल झाली, हेही त्याच वर्षाच्या नोंदीत आहे.

दुसरे नाव तेराउची मासाताके. १९१० मध्ये कोरिया खालसा झाल्यावर ते तिथले पहिले गव्हर्नर-जनरल होते आणि १९१६ मध्ये जपानचे पंतप्रधान झाले. १९१८ च्या उन्हाळ्यात तोयामाच्या किनाऱ्यावर कोळणींनी तांदूळ बाहेर नेण्यास विरोध केला आणि त्यातून देशभर तांदळाच्या दंगली पेटल्या; त्यांतच तेराउचींचे मंत्रिमंडळ गेले. त्यावर उपाय म्हणून १९२० पासून कोरियात जास्त तांदूळ पिकवण्याची मोठी योजना आली. उत्पादन वाढले, पण निर्यात त्याहून जास्त वाढली, आणि कोरियन माणसाच्या ताटातला तांदूळ घटून त्या जागी मांचुरियातून आणलेले भरड धान्य आले. जपानी शहराच्या पोटाचा प्रश्न कोरियन खेड्याच्या पोटावर सोडवला गेला, असे माझ्या टिपणवहीत मी लिहून ठेवले आहे.

आता साधने. जपान सरकारचे आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्र २००१ पासून परराष्ट्र, सैन्य आणि आरमार खात्यांची जुनी कागदपत्रे इंटरनेटवर विनामूल्य दाखवते. मूळ कागद जपानीत असले, तरी त्याची शोधसूची इंग्रजीतही आहे. त्याहून आपल्या हाताशी असलेले साधन म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ. ब्रिटिश हिंदुस्थानच्या परराष्ट्र आणि गृह खात्यांना जपानविषयी सतत चिंता वाटत असे, त्यामुळे जपानी व्यापारी, जपानला गेलेले हिंदी विद्यार्थी, जपानी माल अशा विषयांवरच्या इंग्रजी फायली तिथे शोधता येतात. नाव शोधताना आडनाव आधी येते हे लक्षात असू द्यावे, नाहीतर एकच माणूस दोन जागी दोन माणसे म्हणून नोंदला जातो. जपानने १ जानेवारी १८७३ पासून इंग्रजी दिनदर्शिका घेतली, म्हणून त्याआधीच्या तारखांत घोळ होतो. शिवाय कागदांवर ‘मेईजी ६’, ‘तैशो ८’ अशी सम्राटांच्या कारकिर्दीची वर्षे असतात. ज्यांनी निजामी दप्तरातले फसली सन पाहिले आहेत त्यांना हे जड जाणार नाही. जपानी भाषेचे वर्ग पुण्यात अनेक आहेत आणि आता घरबसल्याही शिकता येते, परंतु लघुप्रबंधासाठी तिची वाट पाहत बसू नये. पीएच.डी. करायची झाली तर मात्र भाषेला पर्याय नाही, म्हणून लिपी आजपासूनच गिरवायला घ्यावी.

उत्तर ३ : जिनिंगच्या व्यवसायातील वाचक, परभणी

मी इतिहासाचा पदवीधर नाही, पण कापसाच्या व्यापाराचा जुना इतिहास आवडीने वाचतो. ताई, आपल्या घरच्यांना आणि शिक्षकांना जपान लांबचा वाटतो, म्हणून हे लिहीत आहे.

१८८३ मध्ये ओसाकाची पहिली मोठी सूतगिरणी सुरू झाली. जपानचा स्वतःचा कापूस या गिरण्यांना पुरेना आणि परवडेनाही, म्हणून त्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीशी करार करून मुंबई ते कोबे अशी जहाजे सुरू केली, कारण इंग्रजी कंपनीचे भाडे न परवडणारे होते. १८९६ मध्ये जपानने कापसाच्या आयातीवरची जकात काढून टाकली आणि ओसाकाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणारे जपानी शेतकरी त्या पिकातून उठले. आपण कापूस पिकवणारी माणसे आहोत, त्यामुळे त्या शेतकऱ्यांची आठवण ठेवावी असे मला वाटते. जपानच्या उदयाची किंमत मोजणाऱ्यांत तेही होते.

पुढे जपानी कापूस कंपन्यांनी हिंदुस्थानच्या आतल्या बाजारांत आपली खरेदी केंद्रे नेली. आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना फारसा नको असे. जपानी गिरण्या मात्र निरनिराळ्या प्रतींचा कापूस मिसळून सूत काढण्यात तरबेज होत्या. १९०० च्या आसपास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली आणि मराठवाड्याचा कापूस मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. मुंबईत कापसाचा भाव ठरताना जपानची मागणी हे मोठे कारण असे, म्हणून ओसाकात मंदी आली की तिची झळ सेलू-मानवतच्या बाजारापर्यंत येणे क्रमप्राप्त होते.

१९३३ ची हकीकत तर मुद्दाम वाचावी. जपानी कापडाच्या लोंढ्याला अडवण्यासाठी हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. गिरणीमालकांना संरक्षण हवे होते, शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवे होते आणि दोघांचे हित समोरासमोर उभे राहिले. १९३४ च्या करारात असे ठरले की, जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला तर त्याला ३२.५ कोटी वार कापड इथे विकता येईल, आणि १५ लाख गाठी घेतल्यास ४० कोटी वारांपर्यंत. मांचुरिया गिळून जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला तेही १९३३ मध्येच. ज्या गिरण्यांत आपल्याकडचा कापूस जात होता, त्यांचेच कापड जपानी सैन्याच्या पाठोपाठ चीनच्या बाजारात पोहोचत होते. म्हणून हा इतिहास परका म्हणता येत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. सरांनी सांगितलेला वर्षांचा कागद लिहून भिंतीवर लावला आहे. कापसाचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता.

एक शंका मात्र मोकळेपणाने विचारते. आपल्याकडे जपानविषयीचे प्रेम नेताजींमुळे आहे, आझाद हिंद सेनेमुळे आहे आणि जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी दिलेल्या निकालामुळेही आहे. जपानच्या साम्राज्यावर टीका करणारे लिहिले की ‘ब्रिटिशांची भाषा बोलतेस’ असा आक्षेप येतो, आणि मला त्याचे नीट उत्तर देता येत नाही. दुसरे म्हणजे, निजामाच्या राज्याचा आणि जपानचा थेट संबंध दाखवणारे काही आहे का?

उत्तर ४ : निवृत्त प्राध्यापक, नांदेड

परभणीच्या सद्गृहस्थांनी लिहिलेला कापसाचा मुद्दा मला फार आवडला, आणि संभाजीनगरच्या संशोधकांचा मतभेदही रास्त आहे. सरळ रेघेचा धोका असतोच. आता आपल्या दोन शंका.

जपानवर टीका म्हणजे ब्रिटिशांची बाजू, हा आक्षेप इतिहासालाच धरून नाही. १९०२ पासून दोन दशके जपान हा ब्रिटनचा दोस्त होता. १९०५ च्या सुधारित करारात हिंदुस्थानवरचा ब्रिटिश ताबा राखण्याची हमी जपानने घेतली होती. १९१५ मध्ये सिंगापूरच्या हिंदी पलटणीने बंड केले तेव्हा ते मोडायला जपानी खलाशीही उतरले होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रासबिहारी बोस यांना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम जपान सरकारने ब्रिटिशांच्या सांगण्यावरून काढला. त्यांना आसरा दिला तो टोकियोतल्या एका बेकरीवाल्या कुटुंबाने. जपानी राज्य आणि जपानी माणसे यांत फरक करायला ही एक घटना पुरेशी आहे. रवींद्रनाथांनी १९१६ मध्ये खुद्द जपानच्या भूमीवर त्या देशाच्या आक्रमक राष्ट्रवादाविषयी इशारा दिला होता, आणि १९३८ मध्ये नोगुची या जपानी कवीने चीनमधल्या युद्धाचे समर्थन केले तेव्हा त्यालाही परखड उत्तर पाठवले. त्याच वर्षी काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठवले. आपल्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्या पथकात होते; जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करीत असतानाच डिसेंबर १९४२ मध्ये त्यांचा तिकडे अंत झाला. यांपैकी कोणालाही ब्रिटिशांचा माणूस म्हणता येणार नाही.

नेताजींविषयीचा आदर सोडण्याची गरज नाही. ३० डिसेंबर १९४३ ला त्यांनी जपानच्या ताब्यातल्या अंदमानात, पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला. त्याच वेळी तिथल्या सेल्युलर तुरुंगात डॉ. दिवाणसिंग यांचा जपानी अधिकारी छळ करीत होते आणि जानेवारीत ते त्या छळाने वारले. ३० जानेवारी १९४४ ला हंफ्रीगंज येथे हेरगिरीच्या आरोपावरून ४४ हिंदी नागरिकांना गोळ्या घालण्यात आल्या. या गोष्टी एकाच बेटावर एकाच महिन्याच्या आसपास घडल्या आणि प्रामाणिक अभ्यासकाला त्या सगळ्या लिहाव्या लागतात. पाल यांचा निकाल मूळ इंग्रजीत वाचावा. आरोपींवरचा कटाचा आरोप सिद्ध होत नाही आणि जेत्यांनी चालवलेल्या खटल्याला कायद्याचा आधार नाही, असे त्यांनी म्हटले. पण चीनमधल्या नानजिंगमध्ये जपानी सैन्याकडून अत्याचार झाल्याचा पुरावा जबरदस्त आहे, हेही त्यांनीच लिहिले. त्यांच्या नावाने अत्याचार नाकारणारे लोक हा दुसरा भाग वाचत नाहीत.

दुसऱ्या शंकेत तर आपला विषयच दडलेला आहे. हैदराबाद संस्थानचे शिक्षण संचालक सर रॉस मसूद १९२२ मध्ये जपानला गेले, तिथली शिक्षणपद्धती त्यांनी पाहिली आणि पुढच्या वर्षी त्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. आधुनिक ज्ञान परक्या भाषेवाचून, स्वतःच्या भाषेतून देता येते, हे जपानने दाखवले होते आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाने सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाला अशा उदाहरणाचे बळ हवे होते. आता मराठवाड्याच्या बाजूने पाहा. इथल्या मुलांची भाषा मराठी होती, राज्याच्या इतर भागांत तेलुगू आणि कन्नड होती, म्हणजे ‘स्वतःची भाषा’ हे तत्त्व ज्या राज्याने जपानकडून घेतले त्या राज्यातल्या बहुसंख्य प्रजेला ते लागू झाले नाही. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील राष्ट्रीय बाण्याच्या शाळांचे मोल याच पार्श्वभूमीवर कळते, आणि त्यांतली एक तर आपल्याच गावची आहे. जपाननेही तेच केले: स्वतःच्या मुलांना जपानीतून विज्ञान शिकवणाऱ्या राज्याने कोरियन मुलांवर जपानी लादली आणि १९३८ च्या आदेशानंतर कोरियन भाषा शाळांतून जवळजवळ हद्दपार केली.

त्या अहवालात कोरिया आणि तैवान येथील शाळांविषयी काय आले आहे आणि काय आलेले नाही, हे तपासणे हा लघुप्रबंधाचा स्वतंत्र आणि आटोपशीर विषय होईल. अहवाल इंग्रजीत आहे, त्यामुळे भाषेची अडचण येणार नाही. निजामाच्या शिक्षण खात्याचे कागद पाहण्यासाठी हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात जावे लागेल. त्यांतले बरेच उर्दूत आहेत, म्हणून उर्दू वाचणारा सोबती सोबत असावा. तसे लोक आपल्याकडे गावोगावी आहेत आणि आनंदाने मदत करतात. कालखंड १९१८ ते १९३८ असा ठेवावा, त्याच्या मागेपुढे जाण्याचा मोह टाळावा, आणि मुक्तिसंग्रामाचा विषय सुचवणाऱ्या आपल्या शिक्षकांना हा आराखडा आधी दाखवावा, कारण इथल्या राष्ट्रीय शाळांची साधने त्यांच्याकडेच मिळतील.